धंद्यासाठी जुनी फोर बाय फोर: घ्यायची की नाही, आणि घ्यायचीच तर काय बघून



एप्रिलच्या व्हिडिओत मी बोलता बोलता एक वाक्य टाकलं होतं. डोंगरी भागात सर्व्हिसचा धंदा करायचा असेल तर फोर बाय फोर गाडी असली की काम सोपं होतं, असं. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट होतं. त्यानंतर पाटण भागातल्या एका तरुणाचा फोन आला. सोलर पंप आणि इन्व्हर्टर बसवायचं काम सुरू करतोय. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातले २ लाख हातात आहेत, ५ लाखांचं कर्ज मंजूर होतंय, आणि ७ लाखांत एक जुनी फोर बाय फोर बघितलीय. २० हजार टोकन देऊनही झालेलं. मला विचारतो, "सर, गाडी चांगली आहे ना?"

मी म्हटलं, गाडीचं नंतर बघू. आधी तुझं काम सांग.

तो प्रश्न तुम्हालाही. व्हिडिओत वेळ मिळत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. माझं स्वतःचं नुकसान झालेलं आहे यात, त्यामुळे पुस्तकी सांगत नाहीये.

आधी गाडीत नेमकं काय असतं ते

साध्या बोलेरोत किंवा पिकअपमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. तिथून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. आत दुसरा छोटा लिव्हर नाहीतर गोल बटण असतं, त्यावर २ एच, ४ एच, ४ एल असं लिहिलेलं असतं. २ एच म्हणजे रोजची डांबरी रस्त्याची गाडी, फक्त मागची चाकं. ४ एच म्हणजे चारही चाकं, नेहमीच्या वेगात. ४ एल म्हणजे चारही चाकं आणि अगदी लहान गिअर. वेग नाही, पण ओढ भयंकर. चिखलातून माल भरलेली गाडी वर काढायची किंवा तीव्र उतारावरून ब्रेक न दाबता हळूहळू उतरायचं, तेव्हा खरं काम ४ एल करते.

इथेच बरेच जण फसतात. काही एसयूव्हींवर एडब्ल्यूडी लिहिलेलं असतं. रेनॉ डस्टरची एडब्ल्यूडी किंवा एक्सयूव्ही ५०० ची एडब्ल्यूडी घ्या. ओल्या घाटात, निसरड्या रस्त्यावर छान. पण त्यांना ४ एल नाही. कामाच्या मालाने भरलेली गाडी पाणंद रस्त्यावरून वर काढायची तर हा फरक मोठा आहे.

आणि नावावर जाऊ नका. नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली तेव्हा ती फोर बाय फोरच होती, पण जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारसुद्धा विक्रीला आली. जुन्या थारमध्येही डीआय इंजिनाची टू-व्हील-ड्राइव्ह होती. स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर सगळ्यांचं तसंच, एकाच नावाखाली दोन्ही प्रकार. जाहिरातीत "फोर बाय फोर लूक" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. लूक! गाडीखाली वाकून बघा, पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शिअलचा गोळा आणि तिकडे जाणारा शाफ्ट दिसला पाहिजे.

अजून एक गैरसमज काढून टाका. चारही चाकांना ताकद गेली म्हणजे गाडी लवकर थांबते असं नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चार चाकांवरच असतात. चिखलाच्या उतारावर फोर बाय फोरवालेच जास्त घसरतात, कारण चढताना काहीच त्रास झालेला नसतो ना.

वही काढा

मी त्या मुलाला सांगितलं, टोकन गेलं तर गेलं, पंधरा दिवस गाडी घेऊ नकोस. एक वही घे. मागच्या वर्षभरात तू ज्या ज्या ठिकाणी काम केलंस किंवा ज्यांनी तुला बोलावलं ती सगळी ठिकाणं लिही. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: साधी पिकअप तिथे पोचली असती का? हो, नाही, की फक्त पावसाळ्यात नाही?

त्याच्या वहीत ७४ ठिकाणं निघाली. त्यातली ५३ डांबरी किंवा खडीच्या रस्त्याला लागून. १५ ठिकाणं अशी की जून ते सप्टेंबर अडचण, बाकी वेळ साधी गाडी जाते. बारमाही अवघड फक्त ६.

आता पैशाचा हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या भागातले भाव घालून तुम्ही परत करा.

गाडी ७ लाखांची, त्यात ५ लाख कर्ज, १४ टक्के व्याज, ४ वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण १३,६६० रुपये. विमा, पीयूसी वगैरे महिन्याला २,५०० धरा. जुन्या गाडीची दुरुस्ती म्हणून महिन्याला ६,००० बाजूला काढायचेच, खर्च होवोत न होवोत. टायरचा सेट ३६ हजारांचा आणि ४० हजार किलोमीटर चालला, तर महिना १,५०० किलोमीटरला साधारण १,३५० रुपये पडतात. म्हणजे गाडी दारात उभी ठेवून जवळपास २३,५०० रुपये. त्यावर डिझेल: लिटरला ११ किलोमीटर आणि ९० रुपये लिटर धरलं तर १२,२७० च्या आसपास. एकूण झाले पावणेछत्तीस हजार.

त्याचं त्या वेळचं सरासरी उत्पन्न, सामानाचा खर्च वजा जाता, महिन्याला ४० हजार होतं. आता तुम्हीच बघा, तो धंदा कोणासाठी करणार होता? गाडीसाठी. घरी काय देणार?

दुसरा पर्याय असा. साडेतीन-चार लाखांत चांगल्या स्थितीतली टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप, तिला मागे चांगल्या खाचांचे टायर, सोबत जाड दोरखंड, फावडं आणि दोन फळ्या. आणि त्या २१ अवघड ठिकाणांसाठी गावातलीच एखादी फोर बाय फोर भाड्याने. वर्षात २४ फेऱ्या, फेरीला ३,५०० दिले तरी ८४ हजार. महिन्याला ७ हजार. आणि ते ७ हजारही तुम्ही ग्राहकाच्या कोटेशनमध्ये "अवघड रस्ता वाहतूक" म्हणून लावू शकता. लावाच. आपल्याकडे लोक पंपाची घासाघीस करतात, पण ट्रॅक्टरने सामान वर चढवायचं म्हटलं की भाडं गपचूप देतात.

बीबीएला असताना आम्हाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवला होता. परीक्षेत लिहिला, मार्क मिळाले, आणि स्वतःची गाडी घेताना साफ विसरलो. भाड्याची गाडी म्हणजे बदलता खर्च, काम आलं तरच पैसे जातात. हप्ता म्हणजे स्थिर खर्च, ऑगस्टमध्ये एकही काम आलं नाही तरी पाच तारखेला खात्यातून कटतो.

मग फोर बाय फोर कोणी घ्यायची? ज्याची निम्म्याच्या वर कामं बारमाही कच्च्या रस्त्यावर आहेत त्याने. चाळकेवाडी, सडावाघापूरकडच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम घेणारे, कोकणात आंब्याच्या डोंगरउतारावरच्या बागा सांभाळणारे, शेवटचे दोन किलोमीटर कच्चा चढ असलेलं होमस्टे चालवणारे. त्यांच्यासाठी ही चैन नाही, अवजार आहे. आणि ज्याचं काम असं आहे की वेळेत पोचलो नाही तर ग्राहकाचं मोठं नुकसान होतं, त्यानेही विचार करावा. त्याचाच माझा किस्सा आहे.

माझे ६८ हजार

२०१८ मध्ये मी दुकानासाठी एक जुनी फोर बाय फोर घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक गाडीच्या कंपनीची नव्हतीच. विकणाऱ्याने मला लिव्हर टाकून दाखवला, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला, मी खूश. तो दिवा फक्त इतकंच सांगतो की लिव्हरजवळचं स्विच दाबलं गेलं. पुढची चाकं खरोखर फिरतायत का, हे तो सांगत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जुलैमध्ये ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका पोल्ट्रीवाल्या दादांचा पहाटे फोन. बोअरची मोटर जळलीय, शेडमध्ये ३ हजार पक्षी आहेत, टाकीत दुपारपर्यंतचं पाणी आहे. मी म्हटलं काळजी करू नका, आपली फोर बाय फोर आहे. मोटर, केबल, पाइप भरले आणि निघालो. शेडच्या दोन किलोमीटर अलीकडे, लाल चिखलाच्या चढावर गाडी रुतली. ४ एच टाकलं, ४ एल टाकलं, मागची चाकं जागेवर फिरतायत आणि पुढची दोन ढिम्म. खाली वाकून बघितलं तर पुढचा प्रोपेलर शाफ्टच नाही! आधीच्या कोणीतरी डिझेल वाचवायला म्हणून काढून ठेवला होता.

मोटर आम्ही तिघांनी खांद्यावर नेली. पाइप दुसऱ्या फेरीला. दुपारी दोन वाजता पाणी सुरू झालं. पक्षी वाचले, पण दादा त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं. गाडी ट्रॅक्टरने टोचन करून खाली आणली. पुढे शाफ्ट आणून जोडायला गेलो तर पुढचं डिफरन्शिअल आतून गंजलेलं, कारण वर्षानुवर्षं फिरलंच नव्हतं. सगळं मिळून ६८ हजार. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, तुम्ही बघूनच घेतली होती की." खरंच होतं ते, बघूनच घेतली होती मी.

म्हणून बघायचं कसं, ते आता नीट वाचा.

फोर बाय फोरची परीक्षा

डांबरी रस्त्यावर चक्कर मारून काहीही कळत नाही. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा, कच्च्या चढावर किंवा नांगरट केलेल्या रानाच्या कडेला गाडी घेऊन चला. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

तिथे एकजण गाडीबाहेर उभा करा. आधी २ एच मध्ये चढ चढायचा प्रयत्न करा, मागची चाकं घसरू द्या. मग ४ एच. बाहेरच्याने पुढच्या चाकांकडे बघायचं, ती माती मागे फेकतायत का. मग थांबून, न्यूट्रल करून ४ एल. लिव्हर खूप जोर लावल्याशिवाय जात नसेल, किंवा चढावर ताकद लावली की आपोआप बाहेर उडी मारत असेल, तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार हे धरून चाला. आतून कट-कट असा आवाज आला तरी तेच.

दुसरी सोपी परीक्षा. कडक मुरमाच्या जागेवर ४ एच टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि अगदी हळू चार-पाच फूट चालवा. गाडी अडखळल्यासारखी, कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटली पाहिजे. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ४ एच मध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून असं होतं. मोकळेपणाने वळली तर पुढे ताकद जात नाही. चार-पाच फुटांपेक्षा जास्त करू नका. याच कारणासाठी कोरड्या डांबरावर अशी गाडी ४ एच मध्ये चालवायची नसते, आतले गिअर आणि क्रॉस त्या ताणाने खातात. विकणारा "मी कायम फोर बाय फोरमध्येच चालवतो, काही होत नाही" असं म्हणाला तर किंमत नक्की कमी करा.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत, किंवा दोन वेगवेगळी मापं असली तर ट्रान्सफर केसला सतत तोच ताण.

मग गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. तुमचा मेकॅनिक हवा, विकणाऱ्याचा नाही. त्याला ५००-१००० रुपये द्या, चहा पाजा. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचा, गिअरबॉक्सचा आणि ट्रान्सफर केसचा ऑइल प्लग सैल करून दोन थेंब बघायचे. ऑइल काळं असलं तर चालेल. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी कधीतरी ओढ्यात किंवा पुरात उभी होती. चकचकीत कण दिसले तर दाते झिजलेत. पुढच्या ॲक्सलची रबरी बूट फाटलेली असतील तर आत वाळू गेलेली असते. शाफ्ट हाताने हलवून क्रॉसचा ढिलेपणा बघा.

चासी. यात मी अजिबात तडजोड करत नाही. पाट्यांचे हँगर, शॉकॲबसॉर्बरच्या जागा, स्टिअरिंग बॉक्सची जागा, इथे वेल्डिंग दिसलं तर पुढे बोलणं नको. ताजा काळा रंग फक्त खालूनच मारलेला असेल तर विचारा का मारला. किनारपट्टीवरची गाडी असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठोकून बघा. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर खारी हवा आत पोचली आहे.

पुराचं वेगळं सांगतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण-महाड, किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून परत बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाला मातीचा पिवळा पट्टा असेल तर समजून जा. सीटच्या पटऱ्यांचा गंज, कार्पेटखालचा वास, फ्यूजबॉक्समधले हिरवे डाग. गाडीला सुवासिक स्प्रे जरा जास्तच मारलेला असला की माझं नाक आधी कार्पेटकडे जातं.

इंजिनाचं थोडक्यात. सकाळी थंड असतानाच जा, बोनेटला हात लावून बघा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा, भसाभस धूर येत असेल तर मेकॅनिक म्हणेल बॅक कॉम्प्रेशन मारतंय. म्हणजे इंजिनाचं काम जवळ आलंय. हे सगळ्या डिझेल गाड्यांना सारखंच, त्यामुळे लांबवत नाही.

हौशी लोकांच्या गाड्या

हल्ली ऑफ-रोडिंगची हौस वाढलीय. मोठे टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, पुढे लोखंडी बंपर, वर लाइटची पट्टी. बघायला गाडी रुबाबदार, आणि विकणारा म्हणतो दीड लाखाचं काम केलंय. तुमच्यासाठी ते दीड लाख शून्य. उलट वजाच. मोठ्या टायरने मायलेज पडतं, बेअरिंग आणि ॲक्सल लवकर जातात. शिवाय आरसीवर नोंद नसलेले मोठे बदल कायद्याने चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. अपघात झाला की विमा कंपनी आधी तेच शोधते.

कुठली गाडी कशाला

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

माल आणि माणसं दोन्ही न्यायची असतील तर बोलेरो कॅम्परची फोर बाय फोर. पाच माणसं पुढे, मागे हौदा, पाट्याचं सस्पेन्शन, आणि तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजमध्ये तिचा मेकॅनिक. आराम नाही, आवाज भरपूर. मला चालतो. शोधायला वेळ लागतो, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक कॅम्पर टू-व्हील-ड्राइव्ह असतात.

स्कॉर्पिओ गेटवे आणि टाटा झेनॉनच्या फोर बाय फोर जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. स्वस्त असण्याचं कारणही आहे, नव्या येत नाहीत, त्यामुळे बॉडीचे आणि ट्रान्सफर केसचे पार्ट शोधत फिरावं लागतं. घेण्याआधी तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी पार्टवाल्याकडे जाऊन दोन-तीन पार्टचा भाव विचारून या. तो लगेच भाव सांगतोय की "मागवावं लागेल" म्हणतोय, त्यावर ठरवा.

इसुझू व्ही-क्रॉस गाडी म्हणून फार छान, पण किंमत जास्त. आणि हौदा दिसला म्हणून टन माल भरता येईल असं समजू नका. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, यांतला फरक म्हणजे तुमची माणसं धरून भरायची मर्यादा. कुठल्याही पिकअपला हाच नियम.

जुनी थार: ताकद आहे, ४ एल आहे, पण मागे समोरासमोरची बाकडी आणि सामानाला जागा नाही. नव्या थारमध्येही मागची सीट धरली तर सामानाला जागा फारच थोडी. हत्यारांची पेटी घेऊन एकटा जाणारा टेक्निशियन असेल तर ठीक. तरुण मुलांना थारच हवी असते. मग मी विचारतो, मोटर कुठे ठेवणार, टपावर?

जिप्सी हलकी, त्यामुळे चिखलात मस्त चालते, पण पेट्रोल पिते आणि नवी येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. गुरखाला बऱ्याच व्हेरिएंटमध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शिअलला लॉक मिळतो, आणि ही मोठी गोष्ट आहे. साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं की ताकद त्या मोकळ्या चाकांतूनच निघून जाते, गाडी जागेवर. लॉक असला की दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरतात. २०१५ नंतरच्या काही थारमध्येही मागे आपोआप लागणारा लॉक आहे. खरोखर वाईट रस्ता असेल तर लॉकवाली गाडी शोधाच.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण हप्त्यापेक्षा जास्त पैसे इथे जातात.

पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वतःच्या कामाला, स्वतःची हत्यारं न्यायला ठीक. पण तीच गाडी दुसऱ्याचा माल किंवा पाहुणे भाड्याने न्यायला लावली, तर ती परवान्याशिवायची वाहतूक. दंड वेगळा, आणि अपघाताच्या वेळी विम्याचा दावा अडकतो. होमस्टेवाल्यांनो, स्टँडवरून पाहुणे आणायचे पैसे घेत असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे वेगळं परमिट लागत नाही. पण फिटनेस लागतो: गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. म्हणजे १३ वर्षांची गाडी ४ वर्षांच्या कर्जावर घेताय तर मध्येच हा खर्च येणार, तो किमतीतून आत्ताच वजा करा.

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी: माणसं नेणाऱ्या एसयूव्हीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळू शकतं. अर्थात त्यासाठी विकणाऱ्याने जीएसटीचं बिल दिलं पाहिजे. खाजगी माणसाकडून घेतली तर हा प्रश्नच नाही. तुमच्या सीएला व्यवहाराआधी फोन करा, नंतर नको.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांबद्दल सतत विचारतात. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे त्या स्वस्त मिळतात हे खरं. पण तिकडची एनओसी, इकडची नव्याने नोंदणी, इकडचा रोड टॅक्स आणि एजंटच्या चकरा मिळवा, मग स्वस्त वाटते का बघा. एनओसी हातात नसताना एक रुपया देऊ नका.

पैसे द्यायच्या आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून थकलेले चलन, विमा, फिटनेस बघा. चासी नंबर आरसीवरून वाचू नका, चासीवरून वाचा आणि आरसीशी जुळवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं नाही, गाडी तुमच्या नावावर करायचा अर्ज ३० दिवसांच्या आत तुम्हालाच करायचाय. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवीन सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही बघा.

आणि टोकन. टोकन देताना कागदावर लिहून घ्या की तपासणीत दोष निघाला तर परत. त्या मुलाने लिहून घेतलं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून तो मेकॅनिक घेऊन गेला, पुढच्या डिफरन्शिअलचा प्लग सैल केला, आणि खाली आला तो दुधाचा चहा. विकणाऱ्याने २० हजार परत दिले नाहीत. घरी दोन दिवस वडील रागावलेले होते म्हणे. आता तो टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपवर काम करतोय, अवघड ठिकाणी गावातल्याच एकाची कॅम्पर भाड्याने नेतो. वही चालू आहे. बारमाही अवघड ठिकाणं तिसाच्या वर गेली की आपण परत बसायचं ठरलंय.

घेतली असेल त्यांच्यासाठी शेवटचं काम. पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचं ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका, आधीच्या मालकाने "कालच बदललंय" सांगितलं असलं तरी. आणि दर पंधरा दिवसांनी एकदा मातीच्या रस्त्यावर नेऊन ४ एच आणि ४ एल दोन्ही टाकून अर्धा-एक किलोमीटर चालवा, म्हणजे आतलं ऑइल सगळीकडे फिरतं आणि लिव्हर जाम होत नाही. मी हे रविवारी दुकान उघडायच्या आधी करतो.